सातव्या खेपेचा कौल

भ्यालेल्या माणसाला धीर देण्यासाठी केलेली लबाडी क्षम्य आहे काय, हे ठरवणे कठीणच. बदलापूर गावातील भावेशच्या हृदयावर उद्या शस्त्रक्रिया होती आणि भीतीपोटी त्याने लहानपणीच्या अंतराळयुद्धाच्या खेळालाच कौल लावला होता: शत्रूपासून रुग्णांचे यान वाचवले, तरच इस्पितळात जायचे. यान सहा वेळा जळाले. शेजारी बसलेली थोरली बहीण प्रत्येक स्फोट मोजत होती. तो पाणी प्यायला उठताच तिने खेळाची पातळी ‘सोपी’ केली. सातव्या खेपेस यान सुखरूप पोहोचले. भावेशने जॉयस्टिक सोडली नाही. “एवढेच दुश्मन? ताई, लेव्हल तू कमी केलीस ना?” तिला वाटले, आता हा जाणार नाही! तो कसनुसा हसला, “मग उद्या डॉक्टरला पण सांग, माझी केस इझीवर टाक.” परमेश्वर या भावंडांना उदंड आयुष्य देवो.