हातात बसलेला चेहरा

एकोणीसशे एकोणसत्तर साल. घड्याळजीचा भरसकाळी दुकानात खून झाला, त्याला महिना उलटत आला होता. गावाला तेव्हा दुसरी करमणूक नव्हती. न्हाव्याकडे दाढी अर्धी राहायची, पण खुनी रोज नवा सापडायचा. मग भिंतीभिंतीवर चित्र लागलं आणि सगळ्यांचं एकमत झालं.

चित्र शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी काढलेलं. दूधवाल्या बाईने दुकानातून लगबगीने निघालेला माणूस पाहिला होता. ती सांगत गेली, मास्तर काढत गेले.

आता ते चौकीत उभे होते. टेबलावर त्यांचं चित्र आणि समोरच्या बाकावर शाळेचे शिपाईमामा. तेच रुंद कपाळ, तेच बसकं नाक.

"मास्तर, हा तर मीच की," मामा म्हणाले. हसायला गेले, पण ओठ कोरडे पडले होते.

मास्तर फौजदारांकडे वळले. "साहेब, चूक माझी आहे. वर्गात चेहरा शिकवायला मी नेहमी ह्यांनाच स्टुलावर बसवतो. हा चेहरा माझ्या हातात बसलाय. बाई म्हणाली बसकं नाक, की मामांचं नाक उतरलं."

"मग चित्र बघून ती 'हाच तो' का म्हणाली?"

"शाळेवरून जाते ती रोज. मामा फाटकात उभे असतात. चेहरा ओळखीचा वाटणारच!"

"मास्तरकी सोडा, वकिली करा," फौजदार म्हणाले. "एवढंच सांगा. हे म्हणतात, त्या सकाळी मी फाटकातच होतो. तुम्ही पाहिलंत?"

मास्तर आठवू लागले. त्या सकाळी ते शाळेत पोचले, तेव्हा फाटकाला कुलूप होतं. मुलं आनंदाने उड्या मारत होती. मामा बऱ्याच उशिरा धापा टाकत आले होते. आजवर मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मामा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. आपल्या पेन्सिलीने एक माणूस फासावर जायचा, एवढंच मास्तरांच्या मनात आलं.

"पाहिलं," ते म्हणाले. "फाटकातच होते."

मामांना सोडून दिलं. दोघं रस्त्याला लागले. कोपऱ्यावर मामा थांबले.

"मी फाटकात नव्हतो, मास्तर. तुम्हाला ठाऊक आहे."

"तुम्ही खोटं का बोललात?"

"घाबरलो. उशीर झाला होता, कोण विश्वास ठेवणार? पण तुम्ही का बोललात?"

"तुम्हाला वाचवायला."

"मला?" मामांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "मी फाटकात होतो म्हटल्यावर, मला बघणारे तुम्हीही फाटकातच की. खुनाच्या वेळी तुम्ही कुठे होतात, हे आता कोण विचारणार?"

 मास्तरही मामांच्या हातांकडे बघत होते.

खुनी सापडला नाही. फौजदार बदलून गेले. घड्याळजीच्या दुकानात कापडवाला आला. दूधवाली म्हातारी होईपर्यंत तीच गोष्ट सांगत राहिली, आणि दर खेपेला तिचा खुनी बोटभर उंच होत गेला. मास्तर आणि मामा पेन्शनीत निघेपर्यंत त्याच शाळेत होते. येताना बरोबर, जाताना बरोबर. लोक म्हणत, मैत्री असावी तर अशी. एकमेकांना क्षणभरही नजरेआड होऊ देत नाहीत.