परेडच्या चालीनं

मेकॅनिक डॉयलनं ब्रेक पार तळापर्यंत दाबला, तरी ट्रक इंचाइंचानं पुढे सरकतच होता. हँडब्रेक ओढून तो खाली उतरला आणि बॉनेट उघडलं. सासष्ट सालच्या त्या जुन्या पिकअपमध्ये तिच्या मालकानं, वर्लिननं, नवं, जंगी इंजिन बसवून घेतलं होतं. का, तर चौकात उभं असताना ते असं गुरगुरावं, की गावानं माना वळवाव्यात.

"ब्रेक गेले काय रे?" वर्लिननं विचारलं.

"ब्रेकला काय धाड भरलीय? इंजिन हवा ओढतं, त्यातून ब्रेकला जोर मिळतो. तुझं हे सोंग हळू चालताना नुसतं डरकाळ्या फोडतं, हवा ओढतच नाही. छोटा पंप बसवतो. तासाभराचं काम."

"पंप बाहेरून दिसणार. उद्या परेडला जुन्या गाड्यांना बक्षीस द्यायला येणारे बॉनेट उघडून बघतात, बाबा."

"दिसू दे की."

"आणि परेडमध्ये माणसाच्या चालीनं तर जायचं. तेवढ्याला कसला आलाय ब्रेक?"

"त्या चालीलाच तर तो धरत नाही," डॉयल म्हणाला. तिसऱ्यांदा सांगत होता.

ट्रकच्या हौद्यात गोळ्या-चॉकलेटांच्या पिशव्या रचलेल्या होत्या. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, परेडमधल्या गाड्यांवरून गोळ्या उधळायच्या आणि पोरांनी त्या वेचायला थेट चाकांपुढे धावायचं, ही गावाची जुनी रीत. डॉयलच्या दोन्ही नाती सकाळपासून टोपल्या घेऊन तयार होत्या.

त्यानं एक पिशवी उचलली. "परेडच्या चालीनं ये. मी ही पुढ्यात टाकली की थांब."

वर्लिन आला, कोपर खिडकीबाहेर काढून, ऐटीत. डॉयलनं पाच पावलांवर पिशवी टाकली. वर्लिननं ब्रेक दाबला, मग दोन्ही पायांनी दाबला. चाक पिशवीवरून गेलं. गोळ्या कडाकडा फुटल्या आणि ट्रक त्याही पुढे जाऊन थांबला.

वर्लिन उतरला, चाकाशी गुडघे टेकून बसला. समजलं एकदाचं, असं डॉयलला वाटलं. वर्लिननं खिशातून स्वच्छ रुमाल काढला आणि टायरवरच्या पांढऱ्या अक्षरांना चिकटलेला लाल चिकटा हलक्या हातानं पुसू लागला.

"निघेल ना रे डाग?"

डॉयलला त्या माणसाची शिसारी आली. त्यानं खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"परवा ये न्यायला," तो म्हणाला. "डाग धुऊन ठेवतो."