नकार कळवावा

बाबा गेल्यावर त्यांचं ईमेलचं खातं बंद करायला उत्तरा नाहूरच्या घरी आली, तर इनबॉक्समध्ये जाहिरातींचा नुसता पूर आला होता.

"हे थांबवायचं कुणी?" ती वैतागली.

"कंपनीने. नाहीतर सरकारने," तिचा भाऊ सुबोध सोफ्यावरूनच म्हणाला. "तू स्पॅम दाब ना, विषय संपला."

"तुमचे बाबा म्हणायचे, ज्याच्या दारात आलं त्याने थांबवायचं," आई म्हणाली. "तोंडावर 'नको' सांगावं, म्हणजे तो बिचारा पुन्हा खेप घालत नाही."

आणि बाबांनी खरंच प्रत्येक जाहिरातीला उत्तर धाडलं होतं. चारकोपच्या एका केसांच्या तेलवाल्याला तर लिहिलं होतं, 'आपले पत्र मिळाले. मला टक्कल पडून जमाना झाला, तेल फुकट जाईल. घरी सर्वांना नमस्कार.'

सुबोधला हसून हसून ठसका लागला. आईसुद्धा पदराआड हसली.

"आणि एवढं करून थांबला का तो? हा बघा, कालच परत टपकलाय," म्हणत उत्तराने तेलवाल्याचा नवा मेल उघडला.

त्यात तेलाचं नावही नव्हतं. 'काका, बरेच दिवस तुमचा नकार आला नाही. बरे आहात ना? तुमचा, प्रीतम.'

स्पॅमच्या बटणाकडे निघालेलं उत्तराचं बोट तिथेच थांबलं.

"अगं बाई," आई म्हणाली, "सगळ्या गोतावळ्याला कळवलं, आणि हा आपला माणूस राहिलाच की!"