जाळीचा तुकडा

अंतिम सामना जिंकला की बास्केटची जाळी कापायची आणि प्रत्येकाने एकेक तुकडा घरी न्यायचा, ही बास्केटबॉल क्लबची रीत. ह्यांचा तुकडा आमच्या हॉलमध्ये काचेआड आहे. "गुडघा फुगलेला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि कोर्टवर उतरलो," हे पाहुण्यांना सांगायचे. लेक मांडीवर बसून ऐकायची. त्यानंतर कधीच खेळता आलं नाही, एवढं सांगायचं राहून जायचं. आज लेकीचा अंतिम सामना. खेळाडूंच्या खोलीत तिचा गुडघा फुगलेला, समोर तेच डॉक्टर. "वाघाची पोर आहे," इंजेक्शन भरत ते म्हणाले. "नको घेऊस, बाळा," हे पुटपुटले. "तुम्ही नव्हतं घेतलं, बाबा?" डॉक्टरांचा हात धरायला हे खुर्चीतून उठू लागले. गुडघ्याने दगा दिला, पुन्हा खाली बसले. "बसा हो, बाबा," ती हसली. "तुमच्या तुकड्याशेजारी माझाही लावू." तिने पाय पुढे केला.