ओंजळभर मका

सर्वण गावच्या देवकीच्या आठ कोकरांचे गुरांच्या डॉक्टरांनी दोन गट केले. चौघांना जिवाणूंची पावडर घालून मुरवलेला मका आणि चौघांना नुसतं सुकं गवत.

"वैनी, साठ दिवस अदलाबदल करायची नाही. मकावाल्यांचं वजन जास्त भरलं, तर पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या गावाला हा चारा मिळेल."

मागच्या उन्हाळ्यात गवत संपलं आणि गावातली निम्मी कोकरं गेली होती. देवकीने लगेच मान डोलावली.

पण मक्याचा आंबूस वास सुटला, की गवतवाली चौघं कुडाला तोंड लावून ओरडत. आठ दिवस तिने कसंबसं ऐकून घेतलं. नवव्या दिवशी प्रत्येकापुढे ओंजळभर मका टाकला. मग रोजच टाकू लागली.

साठाव्या दिवशी डॉक्टरांनी आठही कोकरांचं वजन केलं.

"दोन्हीकडे सारखंच भरलं, वैनी. म्हणजे ह्या मक्याचा काही उपयोग नाही. गावासाठी नाही मागवता येणार."

देवकी पुढे झाली. "डॉक्टरांनू, मीच गुपचूप घातलंय ओ त्यांका!"

 

डॉक्टर समजुतीने हसले. "गावाला चारा मिळावा म्हणून खोटं कशाला बोलता, वैनी?"