टोकं झाकायची राहिली
“टोकं झाकल्याशिवाय बाटलीवर ‘तयार’ लिहू नकोस गं,” मॅडमनी बजावलं होतं. आम्ही प्रयोगशाळेत डेंड्रिमर बनवायचो: झाडासारखा फांद्याफांद्यांचा इवलासा रेणू, औषध पोटात घेऊन शरीरात फिरणारा. फांद्यांची टोकं उघडी राहिली, तर तो निरोगी पेशीही मारतो. मला नववा महिना होता. ‘उद्या झाकेन,’ म्हणत ‘तयार’चं लेबल चिकटवलं आणि पहाटे बाळंत झाले. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने विश्वासाने तीच बाटली वापरली. तिने वर्षभर जपलेल्या पेशी मेल्या, बोल तिलाच लागला. बाळ बघायला आली तेव्हा म्हणाली, “संशोधन सोडलं. माझ्या हाताला यशच नाही गं! भाचीला तरी घेऊ दे, तिला काही करत नाही.” मला लेबल आठवलं, तरी गप्प राहिले. आता कुठल्याशा शाळेत शिकवते म्हणतात; फोन उचलत नाही. तुमच्या शाळेत असेल, तर ती बरी आहे का, बघाल?