डाव्या हाताची नाडी

दवाखान्यात पाऊल टाकलं की घड्याळजींचं बीपी चढायचं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, "घरीच मोजा. पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं. मग आधी उजवा हात, नंतर डावा."

रोज सकाळी खिडकीपाशी बसून ते मोजायचे आणि बायको वहीत लिहायची. पहिल्याच दिवशी उजव्या हाताला नाडीचे ठोके सत्तर आले आणि डाव्याला एकशे दहा.

"मशीनच बिघडलंय," बायको म्हणाली. तिने स्वतःचे दोन्ही हात मोजून पाहिले. दोन्हीकडे शहात्तर आले.

आठवडाभर उजवा सत्तरावरून हलला नाही. डावा मात्र वाढत वाढत एकशे अठ्ठेचाळीसवर गेला. घड्याळजींना ना धाप लागत होती, ना घाम फुटत होता. चाळीस वर्षं घड्याळं कानाला लावली, पण एकाच घड्याळाच्या दोन टिकटिकी त्यांनी कधी ऐकल्या नव्हत्या.

आठव्या दिवशी बायकोने मशीन बाजूला सारलं आणि त्यांची दोन्ही मनगटं हातात धरली.

"उजवा निवांत आहे," ती हळूच म्हणाली. "डावा पळतोय हो. कोणीतरी मागे लागल्यासारखा."

"मला तर काहीच जाणवत नाही."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि त्यांच्याच दारासमोर थांबली.

बायकोच्या बोटांखाली डावी नाडी एकदम बंद झाली, लपून बसलेल्या माणसाने श्वास रोखावा तशी. उजवी आपली संथ चालूच होती.

बाहेरून कोणी बेल वाजवली नाही.